रायाजीबाबांची वाळवंटातली मिरवणूक

॥ श्री ॥

इंदिरानगर, नाशिक
१४ मार्च २००४

तीर्थस्वरूप चतुराकाकूंच्या चरणी,

पुतण्या सहादूचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार लिहिण्यापुरताच. सध्या मला वाकता येत नाही, बसता तर मुळीच येत नाही. हे पत्र मी उभ्याने, फ्रिजवर कागद ठेवून लिहितो आहे. पल्लवी, काकूंना पत्रं तू वाचून दाखवतेस म्हणून आधीच सांगतो : कंसातलं सगळं फक्त तुझ्यासाठी. कंस आला की जरा खोकायचं आणि पुढे जायचं.) तुमचे गुडघे कसे आहेत? डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्याआधी करून घ्या असं मीना रोज म्हणते. उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली असेल, अमित त्यात गुंतला असेल. इकडे आम्ही सर्व कुशल आहोत. पाडव्याला तुम्ही बाबांच्या दर्शनाला येणार आहात, त्याची आम्ही डोळ्यांत प्राण आणून वाट पाहतो आहोत. (प्राण डोळ्यांत आले आहेत हे खरं. कारण शेवटी लिहितो.)

तुमचं कार्ड मिळालं. ‘धुलिवंदनाला केरू डफवाला तुझ्या दारातून परत गेला. खुलासा व्हावा.’ अक्षर पल्लवीचं, पण आवाज तुमचाच. तो मला देवळ्याहून थेट इंदिरानगरात ऐकू आला. फोनच करणार होतो. तीनदा रिसीव्हर उचलला, दोनदा कोड नंबरापर्यंत गेलो, आणि मग हाताला घाम सुटला म्हणून ठेवून दिला. पत्रात एक बरं असतं, समोरचा माणूस मध्येच ‘हूं’ करत नाही. तुमच्या ‘हूं’ची मला लहानपणापासून धास्ती आहे.

काकांच्या तेराव्याला तुम्ही आपल्या घराण्यातल्या वीराचा, रायाजीबाबांचा टाक माझ्या ओंजळीत ठेवलात तो दिवस मी विसरलेलो नाही. रुपयाएवढा चांदीचा टाक, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचा इतका जाड थर की बाबांचं डोकं कुठे आणि पाय कुठे ते बोटालासुद्धा कळत नाही. तुम्ही तेव्हा नियम सांगितले होते. दर धुलिवंदनाला बाबांना खोबऱ्याच्या वाटीत बसवायचं, लाल फडक्यात बांधायचं, डफाच्या तालावर नाचवत गोदाकाठी, गंगेवर न्यायचं, अंघोळ घालून परत आणायचं. शेंदूर कधीही खरवडायचा नाही, वर लावायचा. आणि घोडा. तुम्ही म्हणाला होतात, “बाबा घोडावर बसनात नि घोडावरच गयात. आते आपला घरमा कोनी घोडावर बसानं नही.” म्हणूनच आपल्याकडचे नवरदेव कधी घोड्यावर बसले नाहीत. मी जीपमधून गेलो, अमित ट्रॅक्टरवरून गेला. (पल्लवी, तुझ्या माहेरच्यांनी त्या ट्रॅक्टरचं काय काय बोलून घेतलं ते मला आठवतं. आता कारण कळलं ना?) आणि शेवटचं असं, की एक वर्ष जरी वीराची ही मिरवणूक चुकली तरी टाक माझ्याकडून काढून देवळ्याला अमितच्या देवघरात जाईल.

काकू, तुम्हाला वाटत असेल, गेला तर गेला, सहादूला काय फरक पडतो. फार पडतो. मी भित्रा माणूस आहे हे घराण्यात सर्वांना माहीत आहे. मला लिफ्टची भीती वाटते. फटाक्यांची वाटते. पालीची वाटते, आणि पाल दिसेनाशी झाली की जास्त वाटते. साहेबांच्या केबिनमध्ये जाण्याआधी मी दोनदा पाणी पितो. पण वर्षातून एक दिवस, बाबांना हातावर घेऊन डफाच्या पुढे निघालो की मी एवढ्या गर्दीत सरळ घुसतो, लोक बाजूला होतात, आणि मला कशाचीच भीती वाटत नाही. तो एक दिवस माझ्याकडून जाऊ नये एवढ्यासाठी हा सगळा खुलासा आहे.

तर सुरुवात एका कुत्र्यापासून झाली. सकाळी फिरायला जाणारं आमचं एक मंडळ आहे. एके दिवशी ट्रॅकवर एक कुत्रं भुंकलं आणि मी बाकावर चढलो. (बाकावर दोन बायका बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध.) सगळे पोट धरून हसले. मला राग आला, आणि रागाच्या भरात मी म्हणालो की हसू नका, आमचे रायाजीबाबा घोड्यावर लढता लढता गेले, घोडा आमच्या रक्तात आहे. एवढंच बोललो. पण मंडळात रहेमानभाई आहेत. त्यांच्या वडिलांचा नाशिकरोडला टांगा होता, आणि घोडा म्हटलं की या माणसाचे डोळे भरून येतात. ते मला मिठीच मारून म्हणाले, “सहादूभाऊ, इतके दिवस बोलले नाही राव तुम्ही!” आणि आठ दिवसांनी राजस्थानातून एक माहितीपत्रक मागवून घेऊन आले. जैसलमेरच्या बाजूला वाळवंटातून घोड्यावरून सहा दिवसांची सफर, आठ जणांचा गट, फाल्गुनातच जायचं कारण पुढे ऊन माणसाला भाजून काढतं. यादीत पहिलं नाव माझं होतं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते बाकावरच्या प्रसंगातलं कुत्रं समोरून आलं. मी तोंड मिटलं.

घरी सांगितलं तेव्हा मीनाने फक्त “तुम्ही? घोड्यावर?” एवढं विचारलं, आणि मग विम्याचे कागद कोणत्या कपाटात आहेत ते विचारलं.

तारखा आम्हीच ठरवल्या, आणि इथेच आम्ही खास नाशिककरांसारखे वागलो. आठही जणांचं एकमत होतं की रंगपंचमीच्या आत परत यायचं, रहाडींचे जुने रंगाचे हौद उघडतील, रंग चुकवायचा नाही. तिकडून भंवरजी म्हणून सफरीचे जे प्रमुख, त्यांनी फोनवर दोनदा विचारलं की होळीच्या दुसऱ्या दिवशीही चालायचं का. आम्ही म्हटलं, अगदी आरामात, त्या दिवशी काही नसतं. (आपल्याकडे रंग पाचव्या दिवशी, म्हणून जगभर पाचव्या दिवशी, असं आठ शिकलेल्या माणसांना वाटलं. त्यात एक दाताचा डॉक्टर होता.) धुलिवंदनाची गोष्ट मात्र माझ्या मनात टोचत होती. शेवटी मी बाबांना बरोबर न्यायचं ठरवलं. खोबऱ्याची वाटी, लाल फडकं, आणि गंगेचं पाणी एका औषधाच्या बाटलीत. म्हटलं तंबूत कुणाला न कळता अंघोळ घालू, चार पावलं नाचवू, नियम पाळला जाईल. केरूला सांगायचं तेवढं विसरलो.

काकू, घोड्याबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे तो केवढा उंच असतो. रस्त्यावरून जाताना दिसतो त्याच्या दुप्पट तो जवळून असतो. मला केसर नावाची पांढरी घोडी मिळाली. मी तिच्यावर स्वार झालो. (तिघांनी चढवलं. पहिल्या खेपेला मी पलीकडून उतरलो.) रहेमानभाई म्हणाले, “घोड्याला माणसाचं मन कळतं. आपण घाबरलं ना, की ते पण घाबरतं.” हे ऐकल्यावर मला माझी भीती होतीच, आता तिच्या भीतीचीही भीती वाटायला लागली. भंवरजी मागून सारखे ओरडत होते, “लगाम ढीली छोडो साब!” पण जी एकच वस्तू हातात आहे ती ढिली कशी सोडायची?

आणि ते वाळवंट. कॅलेंडरवर असतं तसं छान छान ते नाही. काही ठिकाणी रोहिड्याची झाडं केशरी फुलांनी भरली होती, ललित (हाच तो दाताचा डॉक्टर) फोटोवर फोटो काढत होता आणि वसंत ऋतूवर बोलत होता. मला वसंत दिसत नव्हता. मला एवढंच दिसत होतं की मागे वळून पाहिलं तर आपण आलो ती वाट वाऱ्याने पुसलेली आहे. एकही पाटी नाही, टपरी नाही, विजेचा खांब नाही. आपल्याकडे रस्ता चुकला तर कुणीतरी भेटतं, आपण विचारतो, तो चुकीचं सांगतो, पण निदान सांगतो तरी. तिथे विचारायला फक्त घोडी. दुपारी गरम वाफा, रात्री तंबूत पांघरूण कितीही घ्या कमीच, आणि बुटात विंचू शिरतात असं भंवरजींनी पहिल्याच संध्याकाळी हसत हसत सांगितलं. त्या वेळेपासून मी बूट काढलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी बराच वेळ केसरला विश्रांती दिली. (खोटं. पहिल्या उतारावर ती घसरली, मी जीव मुठीत धरून खाली उतरलो तो परत चढलोच नाही. नऊ-दहा किलोमीटर मी पायी चाललो. लगाम हातात, मी पुढे, रिकामं खोगीर घेऊन घोडी मागे. बाकीचे वरून जाता जाता म्हणत होते, “काय सहादूभाऊ, रक्तातला घोडा उतरला का?” ललितने तेवढ्यात फोटोही काढला. पण पल्लवी, खरं सांगू? तेवढा वेळ मला आणि तिला दोघांनाही बरं वाटत होतं. ती माझ्या खांद्यावर नाक घासायची. मी तिला ऑफिसातल्या गोष्टी सांगत होतो.)

आता धुलिवंदन. सकाळी मला तंबूत एकटेपण मिळालं नाही, म्हणून बाबांना फडक्यात बांधून शर्टाच्या आत ठेवलं, म्हटलं दुपारच्या मुक्कामावर बघू. रहेमानभाईंनी भरीला घातलं म्हणून पुन्हा घोडीवर बसलो होतो. दहाच्या सुमाराला एक वस्ती आली. आणि त्या वस्तीतून, काकू, निदान शंभर माणसं रंगाने माखलेली, ढोल वाजवत, ओरडत आमच्या अंगावर धावून आली. आम्हा नाशिककरांना वाटलं दरोडा पडला. ललितने आधी कॅमेरा दातात धरला आणि मग दोन्ही हात वर केले. तोवर पहिली गुलालाची मूठ माझ्या चष्म्यावर बसली. भंवरजी कपाळावर हात मारून म्हणाले, “साब, आज होली है! आपने ही तो बोला था चलेगा!”

बाकीचे घोडे बुजून मागे पळाले. केसर पळाली नाही. ती जागच्या जागी थांबली, कान टवकारले, आणि ढोलाच्या तिसऱ्या ठोक्याला तिने पुढचा एक पाय उचलला. मग दुसरा. काकू, ती घोडी लग्नसराईत नवरदेव मिरवणारी नाचणारी घोडी होती, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. तिने मान वाकवली, ती गोल फिरली, ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. ढोलवाल्यांना चेव आला. एका हाताने मी आयाळ धरली होती, आणि दुसऱ्या हाताने, शर्टातून घसरायला लागलेले बाबा बाहेर काढून डोक्यावर उंच धरले, कारण मी पडलो तर पडलो, बाबा तुडवले जाऊ नयेत. लाल फडक्यातला वीर, गुलाल, वाद्य, आणि खाली नाचणारी घोडी. लोक मुजरे करत होते. मी मोठमोठ्याने बाबांचा जयजयकार करत होतो. (मी “आई गं, उतरवा, मेलो” असं ओरडत होतो. तिकडे मराठी कुणाला कळतं?) काकू, मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. पण आता तुम्हीच सांगा, इतक्या वर्षांत बाबा असे कधी नाचले होते का? केरूचा डफ चुकला हे कबूल. वीर चुकला असं म्हणू नका.

नंतर मी सावकाश खाली उतरलो. (पडलो.) औषधाच्या बाटलीतलं गंगेचं पाणी बाबांवर शिंपडलं. (याबद्दल शेवटी लिहितो.) आणि ठरल्याप्रमाणे रंगपंचमीच्या आदल्या दिवशी घरी आलो. बाबा देवघरात जागेवर आहेत, शेंदूर लावला आहे. घोड्यावर बसलो हा माझा अपराध झाला, त्याची शिक्षा मी उभ्याने भोगतो आहे. तेवढ्यावर भागवावं आणि टाक माझ्याकडेच राहू द्यावा ही हात जोडून विनंती. पाडव्याला जरूर यावं. श्रीखंड मीना घरी करणार आहे.

तुमच्या ‘हूं’ला भिणारा,
सहादू

ता. क. (पल्लवी, हे सगळं कंसातच आहे असं समज. आता दीर्घ श्वास घे. टाक हरवला. मी वाळूत पडलो तेव्हा फडकं सुटलं, वाटी एकीकडे आणि बाबा कुठे ते दिसलंच नाही. आठ नाशिककर आणि निम्मी वस्ती, स्वयंपाक्याच्या पिठाच्या चाळणीने संध्याकाळपर्यंत वाळू चाळत होती. खोबऱ्याची वाटी केसरने खाऊन टाकली, त्यामुळे बाबाही तिच्या पोटात गेले की काय अशी शंका आली, आणि पुढचे दोन दिवस मी तिच्या पुढे नाही, मागे चालत होतो. का ते विचारू नको. काही मिळालं नाही. देवघरात सध्या जे आहे ते माझ्या जुन्या कोटाचं बटण आहे. शेंदूर इतका लावला आहे की मलासुद्धा खरं वाटतं आणि सकाळी नमस्कार करताना रडू येतं. पण काकू हातात घेतील, आणि त्यांच्या बोटांना डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं. म्हणून माझी एकच मागणी आहे, खरं म्हणजे सगळं पत्र तेवढ्यासाठीच लिहिलं : काहीही कर, पण पाडव्याला काकूंना नाशिकला येऊ देऊ नको. कांदा आहे म्हण, अमितचं पोट दुखतंय म्हण. मला वेळ दे. काय करणार ते मलाही माहीत नाही.)

ता. क. २. १८ मार्च. पत्र पेटीत टाकायचं धाडस चार दिवस झालं नाही, ते बरं झालं. आज भंवरजींचं रजिस्टर पार्सल आलं. केसरच्या खोगिराखालचा नमदा, म्हणजे ती लोकरीची जाड घडी, उन्हात झटकताना टाक त्यातून खाली पडला. माझ्या हातातून सुटून बाबा सरळ घोडीच्या पाठीवर गेले होते आणि तिथेच बसून राहिले होते. भंवरजींनी देव म्हणून भक्तिभावाने राख आणि लिंबाने घासून, लख्ख करून पाठवलेत. शेंदराचा कणही उरला नाही. मी चष्मा पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा रायाजीबाबांना नीट पाहिलं.

काकू, बाबा घोड्यावर नाहीत.

घोडा आहे. खोगीरही आहे, पण ते रिकामं आहे. बाबा पुढे पायी चालताहेत, हातात लगाम आहे, आणि घोड्याचं नाक त्यांच्या खांद्याला टेकलेलं आहे. तलवार नाही, ढाल नाही. ललितने तिसऱ्या दिवशी काढलेला माझा फोटो सोबत जोडला आहे, तो टाकाशेजारी धरला तेव्हा मीनाने दोनदा इकडे, दोनदा तिकडे पाहिलं. ते कुणाच्या तरी घोड्याची निगा राखणारे असतील, किंवा उतार आला म्हणून खाली उतरलेले असतील. कदाचित घाबरले असतील. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी देवघरासमोर बऱ्याच दिवसांनी खाली बसलो, दुखत होतं तरी बसलो, आणि मला फार बरं वाटलं. तुम्ही शेंदूर खरवडू देत नव्हता. माझ्या लहानपणी रोज बोटाने थर चढवायचात, आणि घोड्यावरच्या बाबांची गोष्ट सांगायचात. तुम्हाला हे ठाऊक होतं ना? की तुमच्या सासूबाईंनी तुम्हालाही तसंच सांगितलं होतं?

पाडव्याला या. टाक कुणाच्या घरी राहायचा ते बाबांना हातात घेऊन ठरवा. मी शेंदूर अजून लावलेला नाही, तुम्ही सांगाल तर लावीन. बटण परत कोटाला शिवलं आहे.

पल्लवी, वरचं सगळं पत्र काकूंना पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचून दाखव. कंसांसकट.